धुळीएवढा ठिपका

बाबा : नाही म्हणजे नाही. दोरवाल्यांच्या गल्लीत बंब चार मिनिटांत पोचणारच नाही. सहा तरी लागणार.

लेक : बाबा, कॉम्प्युटर चार म्हणतोय.

बाबा : मग त्याला म्हणावं, एकदा चालून दाखव.

लेक : अहो, नकाशा तुमचाच आहे! नकाशा कचेरीत बसून तीस वर्षं हाताने काढलेला. मी फक्त कागद स्कॅन केले आणि त्यातला रस्ता कुठला, भिंत कुठली, ते ओळखायला प्रोग्रामला शिकवलं.

बाबा : बसून नाही. आधी एकेक गल्ली पायाखाली घातली, मग बसलो.

लेक : बरं, चुकलं. पण उद्या सकाळी हे अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांना द्यायचंय. नवा बंब कुठे उभा करायचा, ते यावरून ठरवणार आहेत.

बाबा : म्हणूनच तर माझा जीव खालीवर होतोय. ही वेळ काढलीस कशी, ते तरी सांग.

लेक : ऑफिसात चिपची काढते तशी. चिप तयार होण्याआधीच सांगावं लागतं, आतल्या तारांमधून संदेश किती वेळात पोचेल. एकेक वाट नीट मोजत बसलं तर आठवडे जातात. म्हणून प्रोग्रामला जुन्या चिप दाखवायच्या आणि अंदाज बांधायला शिकवायचं. इथे तारेऐवजी रस्ता, संदेशाऐवजी बंब. आणि जुन्या चिपऐवजी केंद्राची वही. बंब कधी निघाला, कधी पोचला.

बाबा : अस्सं. म्हणजे तार जितकी लांब, तितका वेळ?

लेक : एवढं सोपं असतं तर मला पगार कोण देईल? तार वरच्या थरातून खालच्या थरात उतरते ना, तिथे संदेश रेंगाळतो. ते जोडही धरावे लागतात.

बाबा : मग रस्त्यांचे का नाही धरलेस? मी खुणा केल्या होत्या की.

लेक : कसल्या खुणा?

बाबा : तो मूळ कागद आण इकडे. आणि माझं भिंग. हे बघ, वळणांवर. एक, दोन, तीन. जिथे बंब एका दमात वळत नाही, मागे घेऊन पुन्हा वळवावा लागतो, तिथे एक ठिपका.

लेक : अगं बाई! बाबा... हे मी पुसले.

बाबा : पुसले?

लेक : धूळ समजून. स्कॅनमध्ये बारीक डाग येतात, ते आपोआप काढायला सांगितलं होतं. दोनशे बारा कागद एका झटक्यात स्वच्छ. मी तर स्वतःवरच खूश होते! जरा मोठे का नाही काढलेत?

बाबा : आमचे साहेब! नियमाबाहेरची खूण दिसली की अख्खा कागद पुन्हा काढायला लावायचे. म्हणून सगळ्यात बारीक टाक घेऊन, श्वास रोखून काढले. त्यांना कधी सापडले नाहीत.

लेक : मलाही नाही सापडले. पण एवढा खटाटोप कशासाठी?

बाबा : याच गल्लीत मी मोजणी करत होतो. दोरांच्या गोदामाला आग लागली. बंब वळणावर अडकला, मागे-पुढे करत राहिला. आतला एक माणूस गेला. चालक माझ्या हातातला कागद बघून म्हणाला, हे वळण यात का नाही कळत? मला फार लाज वाटली.

लेक : कधी बोलला नाहीत.

बाबा : ठिपके काढत राहिलो.

लेक : थांबा, थांबा. वहीतल्या एकोणीस फेऱ्या मी बाजूला काढल्यात. वेळ फारच जास्त होती. वाटलं, चालकांनी घाईत चुकीची लिहिली असेल.

बाबा : वा! म्हणजे चालकांनाही खोटं पाडलंस.

लेक : या गल्लीचीच आहे एक. सहा मिनिटं! दोन जास्त, ठिपके तीन. म्हणजे ठिपक्याला चाळीस सेकंद. आता दवाखान्यामागचा रस्ता. कागद बघून सांगा, किती?

बाबा : कागद कशाला? दोन.

लेक : प्रोग्राम म्हणतो तीन मिनिटं. अधिक ऐंशी सेकंद... चार वीस. आणि वहीत... चार पंचवीस! बाबा!

बाबा : ओरडू नकोस, ऐकू येतं मला. पुढची बघ.

लेक : आधी प्रमुखांना फोन करते. नकाशा चुकलाय, आठवडाभर थांबा म्हणून सांगते.

बाबा : नाक कापलं जाईल तुझं.

लेक : कापू दे. सगळे कागद पुन्हा स्कॅन करू, डाग न काढता. मी एकेक दाखवत जाते, तुम्ही सांगायचं, धूळ की ठिपका.

(सातव्या दिवशी. शेवटचा कागद.)

लेक : हा आपल्या घरासमोरचा. इथे तर रस्ता नाकासमोर सरळ जातो. धूळ ना?

बाबा : धूळ नाही. पण काढून टाक.

लेक : का?

बाबा : तो बंबाचा नाही. उगाच चाळीस सेकंद वाढतील. मोजणीला निघालो की मी तिथे थांबायचो. तू खिडकीत उभी असायचीस, एवढीशी.

लेक : मग राहू दे. शून्य सेकंद लिहिते.

बाबा : शून्य कसं? गजांतून माझं बोट धरून ठेवायचीस. पाच मिनिटं तरी जायचीच.