रश्श्याचा डाग पडलेला स्टोल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय उदयसिंह साहेब, आदरणीय प्राचार्य, सगळे सर, मॅडम, ऑफिसातली मंडळी आणि माझ्या लेकरांनो, तुमच्या मीनामावशीचा सगळ्यांना जयभीम, नमस्कार.

एकतीस वर्षं या कॉलेजात शिपाई म्हणून राबले. आज निवृत्त होताना तुम्ही माझ्या खांद्यावर हा स्टोल घातला, चार शब्द चांगले बोललात. आभारी हाय. पण मला राग आलाय, आणि तो गिळून गोड बोलायला मला जमत न्हाय.

भंतेजींच्या खांद्यावर चीवर असतं, देवळात पुजाऱ्याच्या खांद्यावर उपरणं. पोरी ड्रेसवर स्टोल घेतात, शाहूपुरीत ढिगानं मिळतात. हौस हाय, घेऊ देत. पण पदवीचा स्टोल? तो काय पाहुणचाराचा असतो व्हय? तो शिकून मिळवायचा असतो की!

गेल्या महिन्यात पदवीदान झालं. यादीत बेचाळीस पोरं, म्हणून कबनूरहून बेचाळीसच स्टोल विणून आणले. पांढरे, तांबड्या काठाचे. इस्त्री मीच केली. माझी लेक श्रुती प्राणिशास्त्रात कॉलेजात पहिली आलीया. तिच्यासाठीचा स्टोल मी हौसेनं सगळ्यात वर ठेवला.

आणि अध्यक्षसाहेब, तुमच्यासंगं पाच पावणं आलं. प्राचार्य म्हणाले, "मावशी, पावण्यांना मोकळ्या गळ्यानं कसं बसवायचं? वरचे सहा आणा." सत्कार चुकला तर पावणं रुसतात. पोरांना कोण विचारतंय! प्राणिशास्त्राचा नंबर शेवटी. शेवटची सहा पोरं तशीच स्टेजवर गेली. फोटोवाला श्रुतीला म्हणाला, "ताई, तुमच्याकडं स्टोल न्हाय, मागं उभ्या ऱ्हावा."

घरी येऊन पोरगी जेवली न्हाय. "आई, नापास झाल्यागत वाटलं," एवढंच बोलली. लाज वाटायला पायजे होती आपल्याला! मलाबी. माझ्याच हातानं आणून दिले की!

सगळ्यात वरचा स्टोल अध्यक्षसाहेबांना घातला. जेवताना साहेबांनी त्यालाच तांबड्या रश्श्याचा हात पुसला. जाताना तिथंच टाकून गेले. मी तीनदा धुतला, डाग निघाला न्हाय. ऑफिसच्या कपाटात ठेवला. आज तुम्ही मला घातलाय तो तोच हाय. हा बघा कोपरा. घालताना कुणी बघितलंबी न्हाय!

श्रुती, मागं बसू नको. वर ये. डाग असू दे, हा तुझाच हाय.

मंडळी, इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, मनापासून धन्यवाद. बोलण्यात कमी-जास्त झालं असंल तर पोटात घाला. आणि प्राचार्यसाहेब, आता माईक घ्या. पोरीचं नाव पुकारा, पूर्ण नाव, पदवीसकट. तवर मी हितंच उभी हाय.