फोडणीचं ताकीदपत्र

माझ्या हुशारीबद्दल तर विचारूच नकोस! दोन हजार सहा-सातची गोष्ट. लीड्समध्ये एमए झाल्यावर युनिव्हर्सिटीच्या शिस्त विभागात इंटर्नशिप मिळाली. काम काय, तर बेशिस्त विद्यार्थ्यांना ताकीदपत्रं लिहायची.

एक पत्र आमच्याच हॉस्टेलचा फायर अलार्म वाजवणाऱ्याला लिहायचं होतं; तो आदल्याच दिवशी वाजला होता. बाहेर थंडीत कुडकुडत मीही त्या मूर्खाला शिव्या घातल्या होत्या. त्यामुळे पत्र झणझणीत उतरलं.

बॉस मार्गारेट म्हणाली, "जरा कडक नाही का होत?"

"अजिबात नाही. अशांना हीच भाषा कळते!"

मग पत्त्यासाठी रिपोर्ट उघडला. फ्लॅट चौदा, शेगडीवर जळालेली मोहरी. फोडणी ठेवून मी खोलीत आईशी फोनवर बोलत बसलो होतो आणि अलार्म वाजताच तसाच बाहेर पळालो होतो.

"मार्गारेट, हा... मीच."

तिनं शांतपणे चष्मा चढवला. "मग स्टॅम्प कशाला वाया घालवायचा? बस, वाचून दाखवते."