तिच्या हाताच्या उंचीवर

—नाही नाही, तसं डोक्यातून नाही घालायचं, पाहुणे, तो काय स्वेटर आहे? आधी कमरेचा पट्टा. हां. कमरेचा आधी, कारण सगळं ओझं तिथं बसतं, खांद्यांनी नुसतं सांभाळायचं — थोरल्या जावेनं राबायचं आणि धाकटीनं हात लावल्यासारखं करायचं, तसं. हसलात? बरं झालं. मघापासून तोंड परीक्षेला बसल्यासारखं करून उभे आहात. परीक्षा नाही हो ही. म्हणजे — आहे थोडीशी. जीपवाल्यानं सांगितलंच असेल, माझ्या बहिणीबरोबर जंगलात चालायचं, तिचे दोन कॅमेरे अंगावर घेऊन. एवढंच काम. ती चालली की चालायचं, ती बसली की बसायचं. तंबाखू खात असाल तर तेवढा वेळ नाही खायची — तिला वास येतो, आणि तिच्या आधी हरणांना येतो.

आता हा लहान कॅमेरा, हा छातीवर. जवळचं काही असलं की हा — बेडूक, कोळी, चिखलातली पावलं. आणि हा मोठा. दोन्ही हातांनी धरा. लागलं ना वजन? सगळ्यांना लागतं. नळीच केवढी आहे बघा, दुधाच्या किटलीएवढी, आणि आत सगळी काच. लोक काय करतात, दुकानातून येतो तो पट्टा गळ्यात अडकवतात, दोन कॅमेरे दोन पट्टे, दुपारपर्यंत मान अशी पुढं येते, कासवासारखी. आणि एवढी जड नळी लोंबकळते कशाला, तर कॅमेऱ्याच्या तोंडाला. तो सांधा किती दिवस टिकणार? म्हणून कॅमेऱ्याला टांगायचं नाही, नळीला टांगायचं. नळीला हा खाली पाय असतो ना, त्यात मी कडी घातलीय. तोंड जमिनीकडे, मांडीलगत. आणि ही बारीक दोरी मांडीभोवती, म्हणजे चालताना झोके घेत नाही. कड्यांना सगळीकडे कापड गुंडाळलंय. हलवून बघा. वाजतं का? नाही वाजत.

कुणी शिकवलं? कोण शिकवणार — मी तबेल्यात खोगिरं शिवायचो. सगळी मुलं शाळेत गेली, मी घोड्यांत गेलो. लोक खोगीरभरती म्हणून नावं ठेवतात ना, ती मी खरोखरची केलीय, हातानं. घोडं बोलत नाही हो. पाठीला कुठं टोचतंय ते सांगत नाही, गुमान उभं राहतं, आणि मग एक दिवस खोगिराखालचा नमदा उचलावा तर खाली कातडं सोललेलं. म्हणून मला सवय आहे हात फिरवून बघायची. तुम्हाला मात्र तोंड आहे, टोचलं तर बोला. आल्यापासून फार बोलला नाहीत म्हणून आपलं सांगतो.

उंच आहात हो तुम्ही. जीपवाल्याला म्हटलं होतं माझ्या अंगाचा माणूस बघ, तर त्यानं हा ताडमाड आणला — रागावू नका. पट्टे खाली सोडावे लागतील. सोडतो, सोडतो, ऊन उतरल्याशिवाय ती काही निघत नाही. उंचीचं काय आहे, सांगतो. ती पुढं चालते. तुम्ही मागं, तिच्या उजव्या अंगाला, हातभर अंतर ठेवून. काही चाहूल लागली की ती थांबते. वळत नाही, बोलत नाही, तोंड समोर आणि उजवा हात नुसता मागं येतो — असा. त्या हाताला कॅमेरा लागला पाहिजे. तिथल्या तिथं. चाचपडायला लागलं की पानं वाजतात, जनावर जातं, संपलं. इतकी वर्षं तिचा हात मागं आलाय आणि कॅमेरा तिथं होता, कमरेच्या ह्या हाडाच्या जरा खाली. माझ्या हाडाच्या. तुमचं हाड कुठं गेलंय बघा, आभाळात.

म्हणून म्हणतो, ओझं आरामात उचलता आलं पाहिजे. तुमच्या सुखासाठी नाही म्हणत, तुमच्यापासून काय लपवायचं. दुखायला लागलं की माणूस एका अंगाला कलतो. त्याचं त्याला कळत नाही. कलला की कॅमेरा दोन बोटं खाली जातो आणि तिचा हात हवेत राहतो. मग ती विचारते, “दादा, कुठं आहेस?” मोठ्यानं विचारते, भर जंगलात. हल्ली विचारते असं. हल्ली रोजच.

वळून का नाही बघत? — हं. ते नाही सांगितलं होय त्यानं. जरा वळा, पाठीचा पट्टा बघू दे. असं. दिसतं तिला, दिसत नाही असं नाही. कडेकडेनं दिसतं. मधोमध डाग आलाय, दोन्ही डोळ्यांत. तुमच्याकडे सरळ पाहिलं तर तुमचे कान दिसतील, खांदे दिसतील, चेहरा नाही दिसणार. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तपासलं तेव्हाच सांगितलं, हा डाग मोठा होणार, लहान नाही होणार. तरी एक चष्मा दिला. मला वाटतं आमच्या तोंडाकडे बघून दिला.

काढते की, फोटो काढते, रोज काढते. आवाज आला की तिकडे नळी धरते. आधीच्या फोटोंची पुस्तकं निघालीत तिच्या, जाडजूड, मला वाचता येत नाही पण हरणाकडे बघायला अक्षरं कशाला लागतायत. आता येतं ते — गवत येतं. झाडाचं खोड येतं. एकदा कोल्ह्याची शेपटी आली, अर्धी, मला कोण आनंद! संध्याकाळी घरी आलो की विचारते, दादा, बघ ना कसं आलंय. मी कॅमेऱ्याच्या पाठीवरची ती लहान काच बघतो आणि सांगतो — पाणमांजर दगडावर चढलं, अंग झाडलं, तोंडात मासा होता, मासा अजून वळवळत होता. खोटं नाही सांगत हो. जे ह्या डोळ्यांनी बघितलं तेच सांगतो. फोटोत काय आलं ते नाही सांगत, एवढंच. आणि तीही कधी विचारत नाही, ‘फोटोत आहे ना’ म्हणून. तेव्हा तुम्हाला काय करायचंय, तिच्या हातात कॅमेरा गेला की रिकामं उभं राहायचं नाही, बघून ठेवायचं. मान कुठं वळली, पाणी कुठून उडालं. संध्याकाळी सांगावं लागतं.

काय झालं? टोचलं? नाही? मग पट्ट्यावर हात कशाला? — तुमच्या आधी एक येऊन गेला, भला माणूस, ताकदीचा, दोन्ही कॅमेरे घेऊन पळाला असता. पहिल्याच संध्याकाळी तिला म्हणाला, “बाई, ह्यात तर काहीच नाही.” खरं तेच बोलला बिचारा. ती म्हणाली, “हो का.” आणि मग निघालीच नाही. जेवत होती, झोपत होती, केस विंचरत होती, नुसती निघत नव्हती. खिडकीशी बसायची, खिडकीकडे पाठ करून. शेवटी मीच अंगावर पट्टे चढवले, कड्यांचं कापड सोडलं आणि दारात उभा राहून खुळखुळ वाजवल्या, तेव्हा उठली. जंगल काही बघायला जात नाही हो ती. ती जाते — मला नाही सांगता येत. पण नाही गेली तर ती त्या खुर्चीत संपेल, एवढं मला कळतं.

मी? मी जातोच की, अजून कोण जातंय? खांद्याचं जरा — तिला सांगितलंय थंडी भरलीय. डॉक्टरांनी फोटो काढला खांद्याचा, उजेडावर धरून दाखवला. बघा, एवढ्या फोटोवाल्या घरात हल्ली एकच फोटो नीट आला, तो हा. हाडात पांढरं पांढरं, मुळं पसरतात तसं. म्हणाले, दाखल व्हा. मी म्हटलं, होतो, पण घरी कधी सोडाल? तर ते टेबलावरचं पेन उचलून त्याचं टोपण लावायला लागले, लावलेलंच होतं. तिला मी सांगितलंय, तबेलेवाल्याच्या नातीचं लग्न आहे, जाऊन येतो. महिना-महिना लग्न कुणाचं चालतं? पण ती म्हणाली, “ये जाऊन.” एवढंच. हे काही तुम्हाला सांगायचं नव्हतं. मला ओझ्याचं सांगायचं होतं.

काढताय? — नाही, उंचीचं होईल हो, एक भोक पाडलं की — तसं नाही? बरं. बरं. नाही, रागावलो नाही. कॅमेरे उचलायला आलात आणि मी काय काय चढवत बसलो तुमच्या अंगावर. घरी बायकामुलं असतील तुमच्या. मोठा आधी सोडवा, मग बक्कल, नाहीतर आपटेल. हां.

जायच्या आधी एवढं करा, हे माझ्या अंगावर चढवून द्या. हात वर जात नाही माझा. पट्टे पुन्हा वर घ्या, तुमच्यासाठी सोडले होते. डावा हात मी घालतो, उजवा तुम्ही घाला. हळू नको, हळूनं जास्त लागतं, एकदम घाला. हं — काही नाही, काही नाही. कंबर आवळा. अजून. ओढा हो, लाजता काय. आता मोठा अडकवा. सोडा. सोडा म्हटलं ना. — कललोय का मी? समोर उभे राहून बघा. खरं सांगा. उजवीकडे? डावा पट्टा एक भोक वर घ्या. आता? — अजूनही? बरं, असू दे. तेवढं राहणारच.

उठली ती. मागच्या दारानं जा, पाहुणे. जीपवाल्याला सांगा, आता माणूस शोधू नको. नाही, बोलू नका, तिला दुसरा आवाज लगेच कळतो. जा.

—आहे गं. मागंच आहे. चल तू.