मनात शंका नको

हॅलो?… हो, बोल बबडे… बाबांचं काय?

बाहेर बाकावर पेशंट ताटकळत होते. धाकट्या बहिणीचा फोन कानाशी धरून डॉक्टरताईंनी पायानंच दार लोटलं.

अगं, रडत बोललीस तर मला काही कळणार नाही… धाप वाढली का?… नाही ना? मग आणखी कसला स्कॅन?… पोटाचाही?… आणि सुई घालून तुकडा काढणार? अगं, नव्वदीला टेकलेत ते.

बाबा काय म्हणतात?… सारखं घरीच चला?… कॉट खिडकीशी दिलीय ना? मग फाटकाकडे बघत बसले असतील. कोण आलं, कोण गेलं… हो, तेच.

डॉक्टर कोण आहे?… बोलताना पेन टिकटिकवतो? ओळखते. माझ्याच हाताखाली शिकलाय… काय म्हणाला नेमकं?… परत सांग.

'एकदा करून घेऊ, म्हणजे मनात शंका नको.'

हे वाक्य डॉक्टरताईंचं होतं. एक पेशंट दगावल्यावर झालेल्या खटल्यात कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं होतं, पण धास्ती काही सुटली नव्हती. तेव्हापासून साध्या डोकेदुखीलाही त्या हेच म्हणत आणि तपासण्या लिहून देत. पोरानं ते सुरासकट उचललं होतं.

आहे गं लाइनवर… तो घाबरलाय… बाबांसाठी नाही. उद्या कोणी विचारलं, का नाही केलंत, तर?… वाईट नाहीये तो. हुशार आहे.

मी काय सांगू इथून? तपासलं नाही मी त्यांना… टाळत नाहीये… लेक म्हणून?… लेक म्हणून विचारशील तर…

ऐक. त्याला दे फोन. घरी सोड म्हणते. जबाबदारी माझी, तसं लिहूनही देते… हो, खरंच. जा, बोलाव त्याला… थांबते.

हॅलो, हे बघ, मी बाबांना… कोण? बाबा?… तुमच्याजवळ देऊन गेली होय… हो, मीच. खाल्लंत काही?… हो, घरीच न्यायचंय तुम्हाला. तेच सांगतेय त्याला…

काय?… नाही, आत काही नसणार… नक्की?

बाहेर कोणीतरी खोकलं.

नक्की म्हणजे… बाबा, नक्की असं कसं सांगू मी… तसं नाही… मी म्हणेन तसं?…

बाबा… एकदा करून घेऊ. म्हणजे मनात…

बरं म्हणालात?… नाही, थांबा, ऐका ना… बाबा?… फोन ठेवू नका… हॅलो?