ट्रेमध्ये राहिलेल्या दोन पाचरी

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, खटाव तालुक्यातला. गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं मी भरती झालो तेव्हा आईनंसुद्धा फार रडारड केली नाही, डबा बांधून दिला आणि म्हणाली जा, चुलत्यासारखा वर्षाला तरी एकदा ये. मला बंदूक फार दिवस धरावी लागली नाही, शिक्षण बरं होतं आणि हात चालत होता, म्हणून व्हेईकल मेकॅनिक केलं. चोवीस वर्षं गाड्यांच्या खाली काढली बघा. आयुष्यात माणसांची तोंडं कमी बघितली आणि गाड्यांची पोटं जास्त, असं आमची मंडळी, म्हणजे बायको, म्हणायची.

आमच्या वर्कशॉपची एक पद्धत होती, ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गाडी उघडली की तिचा एकेक नट, वायसर, पट्टी सगळं एका पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवायचं. काम झालं की उस्तादाला ट्रे पालथा करून दाखवायचा. ट्रेमध्ये एक नग जरी उरला तरी गाडी गेटच्या बाहेर जात नाही, मग साहेबाची असो नाहीतर लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, भाजीची असो. चोवीस वर्षं मी तो ट्रे पालथा केला. कधी काही उरलं नाही.

शेवटचं पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटचं, रिटायर झालो आणि इथंच पालमच्या बाजूला लहान घर घेतलं, पोराची शाळा इथली म्हणून. आता काय सांगू तुम्हाला, तोच पोरगा दीपक, आमचा दीपू, मराठी बोलताना अडखळतो, उंबऱ्याला चौखट म्हणतो. असो. रिटायर झाल्यावर कंडम गाड्यांच्या लिलावात मी एक छोटा ट्रक घेतला. फौजेतला जुना, पुढं दोघांची सीट, मागं ताडपत्री. मंडळी म्हणाली, लोक घरात फ्रीज आणतात, तुम्ही भंगार आणलं. पण बसायची हौसेनं. पायरी उंच म्हणून मी खाली लाकडी पाट ठेवायचो, त्याच्यावर पाय देऊन चढायची आणि वर बसून म्हणायची, चलो ड्रायव्हर. चार वर्षं झाली तिला जाऊन. तो पाट अजून दाराशी आहे, मी त्याच्यावर बसून बूट घालतो.

ती गेल्यावर घर फार शांत झालं, आणि शांत म्हणजे चांगलं नव्हे हो. सकाळी चहा करायचो तर दोन कप पाणी टाकायचो. दीपू नोएडाला, कॉम्प्युटरची नोकरी, सूनबाई पण नोकरीत, त्यांचा सेक्टर, त्यांची सोसायटी. फोन यायचा, बाबा जेवलात का, औषध घेतलं का, चलो ठेवतो. पालमहून त्याच्याकडं एकच मेट्रो जाते, बदलायचीसुद्धा नाही. पण मी बोलावल्याशिवाय जायचो नाही आणि तो काम असल्याशिवाय यायचा नाही, बाप तसाच लेक.

मग एक दिवस त्याला त्या ट्रकची आठवण झाली. त्याचे मित्र जुन्या जीपा घेऊन गुडगावच्या पलीकडं अरावलीत दगडाधोंड्यात चालवतात, तर हा म्हणाला, बाबा, आपला ट्रक बिल्कुल क्लासिक आहे यार, आपण त्याला लिफ्ट करू. म्हणजे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून, इकडं कमानी म्हणतात, गाडी चार इंच वर उचलायची आणि खाली दोन नंबर मोठे टायर, मोठ्या नक्षीचे, चिखलात चालणारे. फोटो दाखवला. गाडी दिसत होती रुबाबदार, खोटं कशाला बोलू.

मला पहिल्याच रविवारी उत्तर माहीत होतं. दोन इंच आणि एकच नंबर मोठा टायर, बस्स. त्याच्या वर गेलं की जुन्या ब्रेकला चाक आवरत नाही, इंजिनाची दमछाक होते, वळणावर गाडी डोलते. हे मी एका वाक्यात सांगू शकत होतो. पण दीपू अंगणात बसून पोहे खात होता, गुडघ्याला ग्रीस लागलेलं, मला विचारत होता बाबा हे काय, बाबा ते काय. मी म्हणलं, बघावं लागेल, असं घाईत ठरत नाही, पुढच्या रविवारी मापं घेऊ.

पुढच्या रविवारी मापं घेतली. त्याच्या पुढच्या रविवारी मी म्हणलं मापं रिकाम्या गाडीवर घेतली, चुकलं, वजन टाकून घ्यायला पाहिजेत, मग मागं विटा भरल्या आणि परत मापं घेतली. मग मोठ्या टायरच्या आकाराचा पुठ्ठा कापला, चाकाजागी धरला, स्टेअरिंग इकडून तिकडं फिरवून बघितलं कुठं घासतं का. दोन इंचाला एक पुठ्ठा, तीन इंचाला दुसरा, चार इंचाला तिसरा, म्हणजे तीन रविवार झाले. एकदा मायापुरीत गेलो जुने पाटे बघायला, दिवसभर हिंडलो, छोले कुलचे खाल्ले, तो माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होता. त्या दिवशी तिथल्या खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, मी पोलादाच्या दोन पाचरी करून घेतल्या. गाडी वर उचलली की पुढच्या चाकांचा कल बिघडतो, स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही, गाडी रस्त्यावर पोहते. म्हणून पुढचा ॲक्सल पाट्यावर बसतो तिथं ही पाचर घालायची. एवढीशी असते, पण तिच्यावर माणसाचा जीव असतो.

तीन महिने असे गेले. शनिवारी मी पोह्यांचे कांदे चिरून ठेवायचो. मग एका रविवारी दीपूचा आवाज चढला. बाबा, तुम्हाला सगळं माहीत आहे, चोवीस वर्षं हेच केलंत, लोक दोन दिवसांत करून घेतात, तुम्ही मुद्दाम लांबवता का, मला पण घर आहे. मला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. मी म्हणलं, कर तुला पाहिजे ते, कर चार इंच. रागात बोललो आणि तिथंच फसलो.

सामान आलं, चाकं मोठी म्हणून ब्रेकसुद्धा मी थोरले मागवायला लावले. दोन रविवारांत आम्ही बसवलं, मागचं आधी, पुढचं शेवटी. शेवटच्या रविवारी दुपारी दीपूला फोन आला म्हणून तो आत गेला. मी एकटा गाडीखाली. ट्रेमध्ये चार नट आणि त्या दोन पाचरी. मी पाचरींकडं बघितलं. मनात आलं, आज हे काम संपलं की पुढच्या रविवारी हा कशाला येईल. पाचर नसली तर स्टेअरिंग जरा हलकं लागेल, नोएडापर्यंत हळू जाईल, आणि पुढच्या रविवारी म्हणेल बाबा जरा बघा. मी नट कसून टाकले. पाचरी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या. दीपू बाहेर येऊन म्हणाला, झालं? मी म्हणलं, झालं.

गाडी केवढी उंच झाली होती. माझा गुडघा त्या पायरीला पुरला नाही, म्हणून मी खालूनच हात केला. जिथं गाडी उभी असायची तिथं तेलाचा डाग तेवढा राहिला.

गुरुवारी त्याचा फोन आला, आवाज एकदम खुशीत. बाबा, उद्या संध्याकाळी निघतोय, सहा गाड्या, उत्तराखंडात लॅन्सडाउनच्या घाटात. स्टेअरिंग जरा लूज वाटतं, पण मजा येते. मी म्हणलं, गाडी हलवू नको. तो म्हणाला, का? मला फोनवर सांगता येईना. मी म्हणलं, सकाळी येतो, तोवर किल्ली लावू नको, तुझ्या आईची शपथ आहे तुला.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी पहिल्या गर्दीतच मेट्रो धरली. मेट्रोत नटाचे पाने नेऊ देत नाहीत, पिशवीत फक्त पाचरी. तपासणीला जवानानं विचारलं, ये क्या है बाबा? मी म्हणलं, गाडी का पुर्जा है बेटा, रह गया था. रह गया था म्हणलं मी, बघा, त्याच्याशीसुद्धा खोटं.

दीपू चपला घालून पार्किंगमध्ये आला. मी पाचरी त्याच्या हातात दिल्या, सांगितलं ह्या कुठं बसतात आणि नसल्या की घाटात काय होतं. त्याचं तोंड उतरलं, पण तो म्हणाला, अच्छा, राहिल्या असतील बाबा, वय झालं आता, होतं असं. त्यानं मला वाट काढून दिली होती. मला निघून जाता आलं असतं तिच्यावरून. पण उस्तादापुढं ट्रे पालथा करायची सवय, मी म्हणलं, राहिल्या नाहीत, मी ठेवून घेतल्या. तू परत येशील म्हणून.

तो वळला आणि वर घरात गेला. मग जॅक, पाने आणि ट्रे म्हणून एका डब्याचं झाकण आणलं. दुपारपर्यंत आम्ही दोघं गाडीखाली होतो, पान्याला पाना लागत होता. शेवटी त्यानं तो डब्याच्या झाकणाचा ट्रे उचलला आणि माझ्यापुढं पालथा केला. काही पडलं नाही. मग मला काखेत धरून वर चढवलं, डाव्या बाजूला, मंडळीच्या जागेवर, आणि सेक्टरला एक चक्कर मारली. स्टेअरिंग बिल्कुल सरळ. परत आल्यावर म्हणाला, बाबा, फोन करून ये म्हणायचं ना. एवढंच म्हणायचं.

घाटात तो गेला, सुखरूप आला. गाडी आता तिकडंच असते. तो महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, त्याच्या परीनं करतो, देव त्याला आणि त्याच्या गाडीला नीट ठेवो. मी दर शनिवारी फोन हातात घेतो. तो म्हणतो, बोला बाबा, काही काम होतं का. मी म्हणतो, नाही, सहज.

तुम्ही एवढं ऐकलंत, लिहून घेतलंत. पुढच्या रविवारी या, पोहे करतो. बघा, तुम्हाला या म्हणता आलं की नाही मला, चटकन.