रूपालीच्या गालावरचा डाग

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. पण डॉक्टर मालतीबाई अशा अचानक गेल्या, आणि त्यांच्याबद्दल आज बोलले नाही तर मला घास गिळवणार नाही.

मी सुनंदा, हेदवीची. माझ्या रूपालीच्या गालावर लालसर डाग उठला. आधी चण्याएवढा, मग वाढत वाढत कानापर्यंत. कुणी गजकर्ण म्हणालं. कुणी म्हणालं, रूपालीच्या बाबांच्या लोटे एमआयडीसीतल्या कंपनीतलं केमिकल कपड्यांतून घरात आलं. मलमं झाली, डाग हटेना. शेजारी कुजबूज सुरू झाली, महारोग तर नव्हे? पोरीने कॉलेज सोडलं.

मग रत्नागिरीला बाईंकडे आणली. त्यांनी काचेची पट्टी डागावर दाबली आणि बघतच राहिल्या. माझा जीव खालीवर!

"सुनंदाताई, हा कातडीचा टीबी वाटतो."

"खोकला नाही, ताप नाही, टीबी कसा?"

"तो फुप्फुसातच होतो असं नाही."

कातडीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला, त्यात जंतू नाहीतच! मी म्हटलं, "मग एवढी जहाल औषधं पोरीला कशी देऊ?"

बाई खोटा धीर देत नसत. म्हणाल्या, "धाकधूक मलाही आहे. पण या टीबीत जंतू पुष्कळदा सापडत नाहीत. तुकड्यातली सूज टीबीसारखीच आहे, टीबी तपासायला हातावर सुई दिली ती जागाही सुजलीय. थांबलो तर डाग गाल खात जाईल."

गोळ्या सुरू केल्या. लघवी तांबडी झाली. मी रडत फोन केला. "औषधाचा रंग आहे तो, रक्त नव्हे." पुढे त्याच फोन करायच्या. डोळे पिवळे नाहीत ना? जेवते ना? कोणता डॉक्टर असं विचारतो?

दोनेक महिन्यांनी डागाची उठलेली कड बसली. बाईंनी तिथे बोट फिरवलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. "सुटले गो बाय," म्हणाल्या. "मी सुटले." तेव्हा मला कळलं, त्या किती घाबरल्या होत्या.

पुढे सगळ्या गोळ्या पुऱ्या केल्या. रूपाली आज त्या खांबाजवळ बसलीय. वण राहिलाय, पण ती बरी आहे.

आता मला दुसरीच काळजी लागलीय. पुढच्या पोरीच्या डागाकडे इतका वेळ कोण बघत बसेल? तुमच्या घरी कुणाला न हटणारा डाग असेल, तर झाकू नका हो. दाखवा.

चला, सगळे उभे राहूया. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

बाई, येते मी.