शिट्टीवाली कॅसेट

आमच्या दत्तूमामाच्या कॅसेटचं तुला सांगितलं न्हाई व्हय? कॅसलरॉकला रुळाला लागूनच त्याचं घर. मामानं घरीच टेपवर स्वतःची भजनं भरली, तर मधेच गाडीची शिट्टीबी भरली गेली. ती कॅसेट लावायचा स्टेशनामागचा चहावाला. शिट्टी वाजली की गिऱ्हाईक चहा तसाच टाकून पळायचं!

हळूहळू सगळ्यांना सवय लागली. शिट्टी आली की म्हणायचे, "बसा ओ, भजन हाय."

एकदा बेळगावच्या कॅसेटवाल्यानं मामाला गायला बोलावलं. निघताना आम्ही दोघं पेटी घेऊन त्याच चहावाल्याकडं चहाला बसलो. कॅसेट चालूच होती. शिट्टी झाली. मी उठलो.

"बस रे," मामा डोळे मिटून म्हणाला, "आता माझी तान येतीया."

तान काय आली न्हाई. गाडी मात्र गेली.